सेलवाली की ऑटोमॅटिक

रांझी, जबलपूर
८ नोव्हेंबर १९८७

मीराच्या बाबांना जयभीम.

मी कागद घेऊन बसली म्हणून लगेच छाती फुगवू नका. घरी चला म्हणून लिहून नाही राहिली. तुम्ही तुमच्या मर्जीनं शहपुऱ्याले भाऊच्या वावरात जाऊन बसले, तुमच्या मर्जीनं बसा. तिकडची हवा चांगली आहे, मटाराले फूल आलं असेल, चलो, ठीक आहे. मले फक्त एक गोष्ट विचाराची आहे आणि ती या घरात तुमच्याशिवाय कोणाले कळत नाही. जावयाले हातातली घडी कोणती घ्याची? ऑटोमॅटिक की सेलवाली?

जावई म्हटल्याबरोबर कपाळाले आठ्या घातल्या ना? मले इथून दिसून राहिल्या. त्याचं नाव श्रीकांत आहे, बिजली बोर्डात आहे, आणि मीराचं लग्न त्याच्याशीच, ३१ जानेवारीच्या रविवारी, आपल्या विहारात आहे. तुम्ही टिकाराम भाऊजींच्या पोराले मीरा द्याचा शब्द दिला होता, फॅक्टरीच्या कॅन्टीनमध्ये, चहा पिता पिता. तो मोडला म्हणून त्यांच्यासमोर उभं राहाची तुमाले लाज वाटते, हे मी समजते. पण शब्द देताना पोरीले विचारलं होतं का? शाळेत मास्तरीण आहे ती, चाळीस पोरं तिच्या एका नजरेनं गप्प बसतात. तिनं आपला माणूस आपण पाहिला. तुम्ही बॅग उचलली आणि गेले. झालं ते झालं. मी भांडाले नाही बसली.

आपल्या घरची रीत तुमाले माहीत आहे. हुंडा घ्याचा नाही, द्याचा नाही. पण वंदना झाली, हार घातले, की जावयाच्या मनगटावर घडी बांधाची, आणि ती सासऱ्यानं आपल्या हातानं बांधाची. माझ्या बाबांनी तुमाले बांधली तेव्हा तुमचा हात इतका थरथरून राहिला होता की बाबा म्हणाले, जावईबापू, घडीच आहे, बेडी नाही. सारे हसले. मी पण हसली होती, पदराआड.

तर घडी मी घेते. बांधाले तुम्ही लागाल. हे मी आधीच सांगून ठेवून राहिली.

फुहाऱ्याजवळच्या दुकानात जाऊन आली. शेजारच्या पार्वताबाईले संगं नेलं होतं. दुकानदार म्हणाला, ‘अम्माजी, अब तो क्वार्ट्ज़ का ज़माना है. सेल डालो और भूल जाओ.’ मग दुसरी काढली. ‘और ये ऑटोमॅटिक. इसमें न सेल, न चाबी. पहनने वाले के हाथ से चलती है.’ पार्वताबाई म्हणे, म्हणजे हात थांबला की घडी थांबली? तो म्हणे, ‘जी.’ मी दोन्ही हातांत दोन्ही घेऊन बसली. दुकानातल्या भिंतीवर किती घड्या, आणि सगळ्यांची वेळ वेगवेगळी. मले वाटलं, यातली एखादी घडी अजून मागच्या वर्षात असेल, तुम्ही घरी होते तिथंच. पार्वताबाईनं कोपरानं ढोसलं तेव्हा मी भानावर आली.

काही न घेता परत आली. कळवा.

मीराची आई


रांझी
२४ नोव्हेंबर १९८७

मीराच्या बाबांना जयभीम.

भाऊराव भाऊजी काल शहपुऱ्याहून मटाराचं पोतं घेऊन आले. आत तुमचं पोस्टकार्ड होतं, ओलं झालेलं, हिरवा वास येऊन राहिला होता त्याले. ‘ऑटोमॅटिक घेणे. सेलवाली घेऊ नये. मटार पाठवत आहे.’ अच्छा! फॅक्टरीच्या बोर्डावर नोटीस चिटकवली जशी. बायकोले कशी आहेस नाही, पोरीचं नाव नाही. येतो असं लिहिलं नाही. पण येत नाही असंही लिहिलं नाही, हे मी कार्ड उलटं करून पण पाहिलं.

घेतली मग ऑटोमॅटिक. तुमचा शब्द तो शब्द. पांढरी तबकडी, काळा पट्टा, वार आणि तारीख दिसते. हातात घेतली की आत काहीतरी हळूच झुलते, पाळण्यातलं लेकरू कूस बदलते तसं. मीरानं कानाशी धरली, मग माझ्या कानाशी धरली. आम्ही दोघी बाया स्वयंपाकघरात घडी कानाले लावून उभ्या, तिकडं दूध उतू गेलं.

सेलवाली काहून नको म्हणता, ते मले ठाऊक आहे. तुम्ही नेहमी म्हणाचे, सेलवर चालते ती उसन्या जिवाची. फॅक्टरीत जन्म तपासणीत गेला तुमचा, तोफेच्या नळीत केसाएवढा फरक तुमच्या बोटाले कळे. घडी पण तशीच लागते तुमाले, आत चाकं असलेली, उघडून पाहता येईल अशी. माणसं मात्र तुम्ही उघडून पाहत नाही. वरूनच पास-नापास करता.

परवा दुपारी अंगणात उन्हात बसल्या बसल्या डोळा लागला. वावर दिसलं मले तुमचं. धुकं होतं, मटाराचे वेल तुमच्या गुडघ्यापर्यंत, आणि तुम्ही त्यातून चालून राहिले. पाय दिसत नव्हते, नुसते सरकत होते तुम्ही. कुठं जाऊन राहिले ते कळत नव्हतं, पण घाई नव्हती तुमाले. मी कुठं होती माहीत नाही. बसच्या खिडकीतून पाहावं तसं पाहून राहिली होती. स्वप्नात मी तुमच्यावर रागावलेली नव्हती. मग फॅक्टरीचा भोंगा वाजला, जाग आली, आणि आठवलं की मी रागावलेली आहे.

घडी डब्यात घालून, साडीत गुंडाळून अलमारीत ठेवली आहे.

मीराची आई


रांझी
१० डिसेंबर १९८७

मीराच्या बाबांना जयभीम.

दोन गोष्टी सांगाच्या आहेत. एक ऐकून तुम्ही हसाल, एक ऐकून तुमचं तोंड पडेल. पडाची आधी सांगते.

सहा डिसेंबरले विहारात गेली होती. सगळी रांझी होती. मेणबत्त्या लावून झाल्यावर टिकाराम भाऊजी लांबून उठून माझ्याजवळ आले. म्हटलं, आता हा माणूस शब्दाचं काढते. ते म्हणाले, ‘वहिनी, डोमाजी काहून नाही आला? तब्येत बरी आहे ना?’ मी म्हटलं, भाऊजी, तुमाले तोंड कसं दाखवावं म्हणून शहपुऱ्याले जाऊन बसले. मग काय म्हणाले ऐका. ‘अवो वहिनी, माझ्या पोट्ट्यानं मले तेव्हाच सांगितलं होतं, बाबा, मले इतक्यात लग्न कराचं नाही, भोपाळले जाऊ द्या. मीच डोमाजीले सांगाले लाजून राहिलो होतो. मीराचं जमलं ऐकून माझा जीव भांड्यात पडला.’

म्हणजे तुम्ही त्यांच्यापासून लपले आणि ते तुमच्यापासून. दोन म्हातारे, दोन गावांत, एका शब्दाले भिऊन! तुम्ही कोणत्याच पोराले विचारलं नाही. दोघांनी चहावर लग्न लावलं, आणि मग दोघांनी आपापल्या घरी बसून ते मोडल्याचं सुतक धरलं. पार्वताबाईले सांगितलं तर ती हसता हसता ओट्यावर बसली.

आता लाजेचं कारण राहिलं नाही. तरी येत नसाल तर कारण दुसरं काहीतरी असेल. ते काय, हे तुम्हीच पहा.

दुसरी गोष्ट. काल मीराची साडी काढाले अलमारी उघडली आणि घडी पाहिली. बंद! तारीख जुनीच. पार्वताबाई आली, तिनं पाहिली आणि कपाळाले हात लावला. ‘माय वो! लग्नाची घडी लग्नाआधीच थांबली.’ मी म्हटलं, पार्वताबाई, आपण बाबासाहेबांची माणसं, आपण शकुन-अपशकुन मानत नाही. ती म्हणे, ‘नाही ना मानत. मग एकदा हलवून पाहून घे ना बाई.’ हलवली. चालाले लागली. मग ध्यानात आलं, दुकानदार सांगून राहिला होता तेच. हातावर राहिली तर चालते. अलमारीतल्या साडीले काय हात आहे?

तर लग्नापर्यंत कोणीतरी ती घालाची असं ठरलं. मीराले शाळेत एवढी मोठी मर्दानी घडी घालून जाता येत नाही, पोरं हसतील. राहिली कोण? मी. काचेच्या बांगड्यांच्या मागं सरकवून बांधली आहे. पट्ट्याले जास्तीचं छिद्र पाडून घेतलं. हसा आता.

मीराची आई


रांझी
२९ डिसेंबर १९८७

मीराच्या बाबांना जयभीम.

हे पत्र मी दोन-तीन दिवसांपासून लिहून राहिली. थोडं लिहिते, मग हातातली घडी पाहत बसते, मग विसरते काय लिहाचं होतं.

तुमाले माहीत आहे का, मी याआधी कधी घडी घातली नाही. तुमच्याकडं होती, भिंतीवर होती, आणि भोंगा तर होताच. पहिल्या भोंग्याले चूल, दुसऱ्याले डबा, संध्याकाळच्याले चहा. तुम्ही रिटायर झाले तरी माझा हात पहिल्या भोंग्याले कणकेकडंच जाते. वेळ मले नेहमी बाहेरून कोणीतरी सांगितली. आता मी पोळ्या लाटते तेव्हा मनगटात काहीतरी फिरते. झाडू मारते, फिरते. कपडे वाळू घालाले हात वर केला, फिरते. भांडी घासताना तेवढी काढून खिडकीत ठेवते आणि हात पुसून लगेच बांधते, नाहीतर मले उघडं उघडं वाटते. काल तुमचाच मटार सोलत बसली होती उन्हात. टरफल एकीकडं, दाणे एकीकडं, आणि घडी आपली चालून राहिली होती. मी विचार केला, ही माझ्या सोलण्यावर चालून राहिली. मी नसती तर ही अलमारीत पडून राहिली असती. त्या विचारात किती वेळ गेला, घडी हातात असूनही मले सांगता येणार नाही.

दुपारी पडल्यावर हात गालाखाली घेते. कानात टिकटिक येते, आणि मग मी कुठंतरी निघते. एक दिवस भेडाघाटले गेली. नाव आपोआप चालून राहिली होती, वल्हं मारणारा कोणी नव्हता, दोन्हीकडं पांढरे डोंगर, आणि पाणी इतकं थांबलेलं की त्यात मले माझं लग्नाच्या वेळचं तोंड दिसलं. मी त्या पोरीले ओळखलं, तिनं मले ओळखलं नाही. उठल्यावर मले वाईट नाही वाटलं. चहा केला, मीराची वाट पाहिली. सांगाची गोष्ट म्हणजे आजकाल दिवस मोठे झाले आहेत, थंडीत दिवस लहान असतात तरी.

बरं, आता कामाचं.

श्रीकांत रविवारी आला होता. अंगणात चहा घेतला त्यानं. माझ्या हातात घडी पाहिली, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मीरा मले म्हणे, ‘आई, एक सांगू? रागावशील.’ मी म्हटलं सांग. ती म्हणे, श्रीकांत सब-स्टेशनवर ड्यूटीले असतो. तिथं मोठमोठे ट्रान्सफॉर्मर. चाकांच्या घडीले तिथं चुंबक लागते आणि ती पळाले लागते. त्याच्या संगं काम करणाऱ्या सगळ्यांनी ऑटोमॅटिक काढून ठेवल्या, सगळे सेलवाली घालतात. मी म्हटलं, मग त्यानं आधी काहून नाही सांगितलं? मीरा माझ्याकडं अशी पाहाले लागली की मलेच माझी लाज वाटली.

कसा सांगेल? आपल्यात नवऱ्यामुलानं तोंड उघडून हे पाहिजे, हे नको म्हटलं, तर हुंडा मागितल्यासारखं होते. त्याच्या आईबाबांनी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आम्हाले फक्त मुलगी पाहिजे. म्हणून त्यानं सांगितलं नाही आणि म्हणून आपण विचारलं नाही. मीराले त्यानं काय म्हटलं माहीत आहे? ‘बाबांनी सांगितलेली आहे ना, मग मी हीच घालीन. पळली तर पळू दे, दोघाचौघांले वेळ विचारून घेईन.’ पोरगं चांगलं आहे हो. तुम्ही एकदा त्याच्याशी बोलून तर पाहाचं.

मले त्या दिवशी तुमचा भल्ला राग आला. न विचारता शब्द दिला, न विचारता घडी सांगितली. त्याचा हात कुठं असते दिवसभर, काय काम करते, एका ओळीनं तरी विचारलं असतं. माझाही आला. मी तरी कुठं विचारलं? तुमाले विचारलं, आणि तुम्ही सांगितलं म्हणून घेऊन आली. इतकी वर्षं असंच घर चाललं.

आज शहरात जाऊन सेलवाली घेतली. माझ्या बिशीत जमलेल्या पैशांतून घेतली, तुमच्या पेन्शनले हात लावला नाही. साधी आहे, पातळ आहे, त्याच्या मनगटावर शोभेल. ऑटोमॅटिक मी परत केली नाही. ती माझी. काही म्हणाचं असेल तर येऊन म्हणा.

आणि नीट वाचा हे. तुमाले न आवडणारी घडी, तुमाले न आवडणाऱ्या पोराले, सगळ्यांसमोर तुम्ही आपल्या हातानं बांधाची आहे. मीरा काही बोलत नाही. पण लग्नाच्या पत्रिका आल्या तेव्हा तिनं पहिली उघडून तुमच्या नावावर बोट ठेवलं आणि मग बाजूले ठेवली. मी ते पाहिलं. त्या पोरीसाठी या.

मीराची आई


रांझी
२१ जानेवारी १९८८

मीराच्या बाबांना जयभीम.

तुमचं दुसरं पोस्टकार्ड मिळालं. ‘घडी बदलायचीच होती तर मला विचारले कशाला. आता माझे तिथे काय काम.’

हे कार्ड मी मीराले दाखवलं नाही. मटाराच्या टरफलांसंगं गाईले टाकणार होती, पण गाईनं काय पाप केलं म्हणून ठेवून दिलं.

काय काम म्हणता? पट्टा बकलात घालाचा, एवढंच काम. तपासणी नाही कराची. घडी पास आहे, पोरगं पास आहे, तुमाले कोणी विचारून नाही राहिलं. जावयाच्या मनगटाले सासऱ्याचे हात लागावे म्हणून बोलावून राहिली. तुमाले वाटते, आपलं ऐकलं नाही म्हणजे आपलं काही राहिलं नाही. बाप्पा, घरात माझं कधी कोणी ऐकलं? तरी मी होतीच ना या घरात.

शहपुऱ्याहून सकाळची पहिली बस पकडा. धुकं असते आजकाल, ती उशीर करते, म्हणून पहिलीच पकडा. स्टँडवरून रांझीचा टेम्पो मिळते. भन्तेजी वंदना घेतील, मग हार, हारानंतर घडी. तेवढ्यापर्यंत मी तुमची वाट पाहीन. पाहुण्यांना उपाशी बसवून त्यापुढं थांबणार नाही, आधीच सांगते.

तुमचा फॅक्टरीच्या निरोपाचा कोट घेऊन गेले आहे का तुम्ही? अलमारीत दिसत नाही. थंडी आहे, घाला.

मीराची आई


रांझी
४ फेब्रुवारी १९८८

जयभीम.

लग्न झालं. मीरा पांढऱ्या साडीत अशी दिसत होती की मी तिच्याकडं सरळ पाहू शकत नव्हती, कडेकडेनं पाहून घेतलं. धुकं दुपारपर्यंत उठलं नाही. विहाराची खिडकी उघडी होती, तिच्यातून ते आत येऊन राहिलं होतं, आणि सगळी माणसं, पांढरे कपडे, मेणबत्त्या, सगळं एकात एक मिसळल्यासारखं. मले वाटत होतं मी अजून अंगणात हात गालाखाली घेऊन झोपली आहे.

वंदना झाली. हार झाले. मी दाराकडं पाहून राहिली होती, मीरा पण. भन्तेजींनी विचारलं, घडी कोण बांधते? मागून कोणीतरी म्हणालं, टिकाराम बांधतील, मुलीच्या बापाचे दोस्त आहेत. टिकाराम भाऊजी उठले. ताटातली घडी घेतली. श्रीकांतनं हात पुढं केला. भाऊजी दोन पावलं गेले, थांबले, आणि वळून माझ्याकडं आले. म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही बांधा. मी बांधली तर डोमाजी मले जन्मात माफ नाही करणार. तुम्ही बांधली तर त्याले बोलाले तोंडच राहणार नाही.’ बाया हसल्या. पार्वताबाईनं मले पाठीतून ढकललं. मी पुढं गेली.

श्रीकांतचा हात थंड पडला होता. मी त्याचं मनगट माझ्या हातात घेतलं. असं कोणत्या परक्या माणसाचं मनगट मी कधी धरलं नाही. पट्टा फिरवला, बकलात घातला. सारं विहार माझ्या बोटांकडं पाहून राहिलं होतं. तेव्हा मी सहज वर, उघड्या खिडकीबाहेर पाहिलं.

तुम्ही उभे होते. फाटकाजवळ, सायकलींच्या पलीकडं. मफलर डोक्याले गुंडाळलेला, पिशवी हातात. तुमाले वाटलं असेल धुक्यात कोणाले दिसलो नाही. मले दिसले. कोट घातला होता तुम्ही. म्हणजे पाहाले नाही, बांधाले आले होते. बसनं उशीर केला असेल.

पट्टा अजून माझ्या बोटांत होता. छिद्रात काडी घातली नव्हती. मी एक आवाज दिला असता, मीराचे बाबा आले म्हणून, तर सगळ्यांनी वाट करून दिली असती, तुम्ही आत आले असते, मी पट्टा सोडला असता आणि तुमच्या हातात दिला असता. रीत झाली असती. मीरा रडली असती, चांगलं झालं असतं सगळं. हे सगळं मले त्या क्षणाले समजत होतं.

मी आवाज दिला नाही.

रागानं नाही. खरं सांगते, त्या वेळी माझ्या मनात तुमच्याबद्दल राग औषधालेही नव्हता. उलट तुमाले त्या कोटात पाहून माझा जीव गलबलला. पण मले ते काम आवडून राहिलं होतं. माझी बोटं थरथरत नव्हती. ते मनगट, तो पट्टा, ती माणसं, सगळं माझ्या हाताशी आलं होतं आणि मले ते द्याचं नव्हतं. तुमालेही नाही. मी काडी छिद्रात घातली, पट्ट्याचं टोक आत सरकवलं, श्रीकांतनं वाकून नमस्कार केला. मग पुन्हा वर पाहिलं तर सायकली होत्या आणि धुकं होतं.

मीरानं पाहिलं नाही तुमाले. मी तिले सांगितलं, बाबा आले होते, कोट घालून आले होते, बसनं उशीर केला. ती रडली. मग तिनं विचारलं, तू बोलावलं काहून नाही? मी तिलेही हेच सांगितलं जे तुमाले सांगून राहिली. मग तिनं माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं, जशी मी तिची लेक आहे.

तुम्ही न जेवता गेले, याचं मले फार वाईट वाटते. पण पुन्हा तो क्षण आला तर मी पुन्हा तेच करीन. हे मी लपवून ठेवलं तर आपलं पुढचं सगळं खोटं होईल, म्हणून लिहून राहिली.

पुढच्या रविवारी मीरा आणि श्रीकांत शहपुऱ्याले येऊन राहिले. वावरात पळून जाऊ नका. पोरगं तुमच्या पाया पडेल, तेव्हा त्याले विचारा, काम काय करतोस, सब-स्टेशन कसं असते. त्याले सांगाले भल्लं आवडते. एकदा विचारलं की तुम्हीच थांब म्हणाल.

आणि तुमाले घरी यावंसं वाटलं तर या. घर तुमचं आहे, मी नाही म्हणणार नाही. पण फाटकाबाहेर उभे राहून, मी पाहीन आणि बोलावीन, अशी वाट पाहू नका. या वेळी हाक तुम्ही माराची. ‘मीराची आई’ नाही. ‘ऐकून राहिली का’ नाही. लग्नाले एवढी वर्षं झाली, माझं नाव मी तुमच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. बाबांनी किती हौसेनं ठेवलं होतं. फाटकाशी उभे राहा आणि नावानं हाक मारा, जोरात, पार्वताबाईले ऐकू गेली तरी चालेल. एका हाकेत मी दार उघडीन.

गीता